टाळ्या सभागृहात, निर्णय घरी

प्रेरणादायी सेमिनार आणि त्यामागून येणारे महागडे अभ्यासक्रम : ज्येष्ठांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे काही

मराठी माणसाचा कान भाषणावर पोसलेला आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे ही प्रथा गावोगावी रुजली. मुंबईच्या उपनगरांतही ती आली. पार्ल्यात १९२३ साली स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांनी कित्येक पिढ्यांच्या संध्याकाळी विचारांनी भरून काढल्या. त्या व्याख्यानांचा एक अलिखित करार असे. वक्ता बोलत असे, श्रोते ऐकत, शेवटी आभारप्रदर्शन होई आणि ऐकलेले मनात घोळवत प्रत्येक जण घरी जाई. दारात कोणी अर्ज घेऊन उभे नसे.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत रविवारी सकाळी भरणारे अनेक सेमिनार दिसायला त्या व्याख्यानांचेच वंशज वाटतात. वर्तमानपत्रात सरकवलेले पत्रक किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश सांगतो की, अवघ्या ९९ रुपयांत आयुष्याची दिशा बदलेल. विषय वेगवेगळे असतात : धनसंपत्ती, निरोगी दीर्घायुष्य, मनःशांती, शेअर बाजार, ‘सुप्त मनाची शक्ती’. ऐकण्याची आवड असलेले निवृत्त गृहस्थ आणि गृहिणी जुन्या विश्वासाने तेथे जातात. मात्र येथे भाषण संपते त्या क्षणी मुख्य कार्यक्रम सुरू होतो, आणि तो असतो पुढच्या अभ्यासक्रमाच्या विक्रीचा.

असे सर्वच कार्यक्रम फसवे असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चांगले शिक्षक आहेत, मोल देऊन घ्यावे असे शिक्षणही आहे. प्रश्न आहे तो निर्णय कोठे आणि केव्हा घेतला जातो याचा.

एकेक पायरी

या व्यवसायाची रचना जिन्यासारखी असते. पहिली पायरी जवळजवळ फुकट असते, कारण तिचे काम पैसा मिळवणे नसून माणसे गोळा करणे हे असते. दिवसभरात वक्ता आपल्या गरिबीची, अपयशाची आणि नंतरच्या उत्कर्षाची कहाणी सांगतो. संगीत लागते, सर्वांना उभे राहायला सांगतात, शेजाऱ्याचा हात हातात घ्यायला लावतात. दुपारनंतर सूर बदलतो. ‘आज तुम्हांला फक्त दार दाखवले, आत जायचे असेल तर दोन दिवसांचे शिबिर आहे.’ मूळ किंमत मोठी, पण ‘आजच्या आज आणि या खोलीत बसलेल्यांसाठीच’ ती निम्मी. जागा मोजक्याच. मागच्या बाजूला टेबले मांडलेली, कार्ड घेण्याची यंत्रे सज्ज, आणि पहिले चारदोन जण लगबगीने उठून तिकडे जातातही. ते श्रोते आहेत की जुने विद्यार्थी की स्वयंसेवक, हे बाकीच्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

दोन दिवसांच्या शिबिरात तिसरी पायरी दिसते आणि तिसरीवर चौथी. शेवटच्या पायरीवर बहुधा ‘तुम्हीच आता प्रशिक्षक व्हा’ असे आमंत्रण असते, म्हणजे ग्राहकानेच नवे ग्राहक आणावेत.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. समजा प्रवेश ९९ रुपये, शिबिर ४,९९९, ‘प्रगत’ वर्ग ४५,००० आणि वर्षभराचे मार्गदर्शन दीड लाख. एकूण रक्कम दोन लाखांवर जाते. हेच दोन लाख मुदत ठेवीत सात टक्क्यांनी राहिले असते, तर वर्षाला चौदा हजार, म्हणजे दरमहा सुमारे साडेअकराशे रुपये व्याज मिळाले असते. अनेक घरांत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या तेवढ्यात येतात. सुरुवातीलाच कोणी दोन लाख मागितले असते, तर शंभरातल्या नव्याण्णवांनी हात जोडले असते. ते एकदम मागितले जात नाहीत, यातच सारे कौशल्य आहे.

शहाणी माणसे का गुंततात

‘इतके शिकलेले, बँकेत तीस वर्षे काढलेले, आणि तरी कसे फसले?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मानसशास्त्राचे उत्तर असे की, येथे बुद्धीचा कस लागतच नाही. मनाच्या अगदी सामान्य सवयी कामाला लावल्या जातात.

पहिली सवय छोट्या होकाराची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘वाहन जपून चालवा’ असा भलामोठा, ओबडधोबड फलक आपल्या घरापुढे लावू द्याल का, असे काही घरमालकांना थेट विचारले, तेव्हा जेमतेम १७ टक्के तयार झाले. ज्यांनी काही दिवसांपूर्वी त्याच आशयाची छोटीशी पट्टी लावायला संमती दिली होती, त्यांच्यापैकी मात्र ७६ टक्के लोकांनी होकार दिला. लहान होकार मोठ्या होकाराची वाट करून देतो. सेमिनारमध्ये दिवसभर हात वर करायला लावतात, ‘होय’ म्हणायला लावतात, त्यामागचे मर्म हेच.

दुसरी सवय गेलेल्या पैशामागे धावण्याची. आर्क्स आणि ब्लूमर यांच्या १९८५ सालच्या अभ्यासात नाटकाच्या हंगामी तिकिटांची गोष्ट आहे. पूर्ण किमतीत तिकीट घेतलेले लोक सवलतीत घेतलेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले; नाटके तीच, पण मोजलेला पैसा पाय ओढत होता. पन्नास हजार भरून झाल्यावर ‘आता मागे फिरलो तर ते वाया जातील’ असे वाटू लागते आणि बुडत्याचा पाय खोलात जातो.

तिसरी सवय गर्दीकडे पाहण्याची. पाचामुखी परमेश्वर मानणारे आपण, पाचशे जण टाळ्या वाजवत असताना शंका काढणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते.

याखेरीज ज्येष्ठांच्या बाबतीत एक कारण आहे, आणि ते सर्वांत हळवे आहे. निवृत्तीनंतर घरात त्यांना विचारले जाणारे प्रश्न ठरावीक असतात : गोळी घेतली का, दूध आले का, वीजबिल भरले का. सेमिनारमध्ये छातीवर नावाची पट्टी लावून कोणी तरुण अदबीने विचारतो, ‘सर, तुमचे स्वप्न काय आहे?’ हा प्रश्न ऐकून कित्येक वर्षे लोटलेली असतात. त्या एका प्रश्नाची किंमत माणूस कितीही मोजायला तयार होतो.

जेव्हा प्रकरणे चव्हाट्यावर आली

हा जिना केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाने चाललेल्या ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’चे प्रकरण गाजले. जमीनजुमल्याच्या व्यवहारांतील यशाचे रहस्य सांगणारा पहिला सेमिनार विनामूल्य, पुढचा तीन दिवसांचा वर्ग १,४९५ डॉलरचा, आणि व्यक्तिगत मार्गदर्शनाचा सर्वोच्च संच सुमारे ३५,००० डॉलरचा. तक्रारदारांनी न्यायालयात धाव घेतली. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा येथील दाव्यांत ज्येष्ठांच्या आर्थिक शोषणाचा मुद्दाही होता. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये अडीच कोटी डॉलर देऊन, चूक मान्य न करता, तडजोड झाली. त्या खटल्यात विक्रेत्यांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका उघड झाली. ग्राहकाच्या मनातील इच्छा आणि भीती हेरून विक्री कशी साधावी, याचे पाठ तिच्यात होते.

आपल्याकडे शेअर बाजाराच्या वर्गांबाबत वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने अलीकडे कडक पावले उचलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्मिता पटेल आणि त्यांच्या ‘ग्लोबल स्कूल ऑफ ट्रेडिंग’वर अंतरिम आदेशाने बंदी घालून सुमारे ५३ कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश देण्यात आले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२५ रोजी अवधूत साठे आणि कर्जत येथे केंद्र असलेल्या त्यांच्या प्रशिक्षण संस्थेबाबत आदेश निघाला. त्यात सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले होते. ३ लाख ३७ हजारांहून अधिक लोकांकडून शुल्क गोळा झाल्याची नोंद त्या आदेशात आहे. दोन्ही प्रकरणांत नियामकाचे प्राथमिक म्हणणे सारखे होते : शिक्षणाच्या नावाखाली, आवश्यक नोंदणी न करता, विशिष्ट शेअर घेण्या-विकण्याचा सल्ला दिला गेला. हे आदेश अंतरिम स्वरूपाचे होते आणि संबंधितांना आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मात्र एक आकडा कोणत्याही व्यक्तीशी निगडित नाही आणि तो प्रत्येक निवृत्ताने पाठ करून ठेवावा. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मंचावरून ‘दरमहा हमखास उत्पन्न’ असे शब्द ऐकू आले, की हा आकडा आठवावा.

प्रकृतीचे काय?

दिवसभराच्या प्रखर कार्यक्रमानंतर माणसाला हलके, उत्साही, नव्याने जन्मल्यासारखे वाटते. ही भावना खोटी नसते. ती किती टिकते, एवढाच प्रश्न आहे. अशा मोठ्या समूह-शिबिरांची आधुनिक परंपरा अमेरिकेत व्हर्नर एअरहार्ड यांनी १९७१ साली सुरू केलेल्या ‘एस्ट’पासून मोजली जाते. त्याच परंपरेतील ‘फोरम’ या शिबिराचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ जेफ्री फिशर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत ही भावना सहभागी लोकांत शिबिरानंतर काहीशी वाढलेली दिसली, परंतु दीड वर्षाने पाहता कोणताही टिकाऊ परिणाम आढळला नाही. आपल्या पूर्वजांनी हे तीन शब्दांत सांगून ठेवले आहे : नव्याचे नऊ दिवस. उत्साह ओसरला की दोष अभ्यासक्रमाला दिला जात नाही. ‘तुमची बांधिलकी कमी पडली’ असे सांगून वरची पायरी दाखवली जाते.

ज्येष्ठांसाठी काही धोके थेट शरीराचे आहेत. तासन्‌तास एका जागी बसणे, जेवणाची वेळ टळणे, लघवीला उठण्याचा संकोच, कर्कश संगीत, जागरण. मधुमेही व्यक्तीची साखर त्याने खाली-वर होऊ शकते, हृदयविकार असलेल्याला त्रास होऊ शकतो. जोडीदार नुकताच गमावलेल्या माणसाला हजार लोकांसमोर रडायला लावणे हा उपचार नव्हे. दुःखावर उपचार हवा असेल, तर तो प्रशिक्षित समुपदेशकापाशी, एकांतात आणि सावकाशीने व्हावा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

आणि एक लक्ष्मणरेषा : कोणत्याही वक्त्याने मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा कर्करोगाची औषधे बंद करायला सांगितली, तर त्या क्षणी उठून यावे. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या व चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. गोळ्यांत फेरबदल करण्याचा अधिकार आपल्या डॉक्टरांचा.

तीन रात्रींचा नियम

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७२ साली एक नियम केला. घरी येऊन केलेली किंवा हॉटेल, सभागृह अशा तात्पुरत्या जागी झालेली विक्री ग्राहकाला कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येते. सभागृहातील माणूस घरातल्याइतका मोकळेपणाने विचार करू शकत नाही, हे तेथे कायद्यानेच मान्य केले आहे. आपल्याकडे ‘जागा मोजक्याच, वेळ थोडाच’ अशी खोटी निकड निर्माण करणे ही ऑनलाइन विक्रीतील अनुचित प्रथा असल्याचे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र सभागृहात विकल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमासाठी तीन दिवसांची तशी सर्वसाधारण मुभा नाही. म्हणून ती आपणच आपल्याला द्यावी.

नियम सोपा आहे : सेमिनारच्या दिवशी कोणतीही रक्कम भरायची नाही. तीन रात्री जाऊ द्यायच्या. खरोखर उपयुक्त असलेले शिक्षण बुधवारीही उपयुक्तच राहते. जी सवलत रविवारी सायंकाळी सहाला संपते, तिची घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नव्हे.

हा नियम पाळणे सोपे जावे म्हणून :

• जाताना येण्या-जाण्यापुरती रोख रक्कमच न्यावी. क्रेडिट कार्ड घरी ठेवावे. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची दैनंदिन मर्यादा बँकेकडून कमी करून घ्यावी.

• एकट्याने जाऊ नये. सोबतच्या व्यक्तीला आधीच सांगून ठेवावे, ‘मी मोहात पडलो तर मला चहाला बाहेर घेऊन जा.’

• पुढच्या सर्व पायऱ्यांचे एकूण शुल्क आणि पैसे परत करण्याच्या अटी लेखी मागाव्यात. ‘आधी नोंदणी करा, मग सांगू’ असे उत्तर आले, तर उत्तर मिळाले असे समजावे.

• ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे अनेकदा वित्तसंस्थेने आपल्या नावावर दिलेले कर्ज असते. वर्ग सोडला तरी हप्ता सुटत नाही. अशा कागदावर किंवा पडद्यावर घाईने संमती देऊ नये. आलेला ओटीपी कोणाला सांगू नये.

• गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची नोंदणी ‘सेबी’च्या संकेतस्थळावर तपासावी, किंवा १८०० २२ ७५७५ या विनामूल्य क्रमांकावर विचारावे.

आणि नकाराचे एक वाक्य तोंडपाठ असावे : ‘घरी विचारल्याशिवाय मी काही भरत नाही.’ यात कमीपणा नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

आईने किंवा वडिलांनी पैसे भरले आहेत असे कळले, की पहिला उद्गार बहुधा ‘अक्कल कोठे गेली होती?’ असा असतो. त्या एका वाक्याने पुढची सर्व माहिती बंद होते. पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, एवढाच त्याचा परिणाम. फसवणुकीत पैशांपेक्षा मोठे नुकसान आत्मसन्मानाचे होत असते, आणि ते नुकसान करणारे आपण ठरू नये.

त्याऐवजी शांतपणे विचारावे, ‘तेथे काय आवडले?’ उत्तरात खरी गरज दिसेल. कोणाला शिकायचे असते, कोणाला बोलायला माणसे हवी असतात, कोणाला अजूनही घराला हातभार लावायचा असतो. ती गरज स्वस्तात आणि सन्मानाने भागवता येते. जगभर पसरलेली हास्ययोगाची चळवळ डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली अंधेरीच्याच लोखंडवाला भागातील बागेत, पाच माणसांना घेऊन सुरू केली. तेथे हसायला शुल्क नव्हते. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालये, भजनी मंडळे, व्याख्यानमाला उपनगरांत आजही आहेत. बापूंना किंवा काकूंना तेथवर सोडायला आठवड्यातून एकदा आपण गेलो, तर नावाची पट्टी लावून विचारणाऱ्या तरुणाची गरज उरत नाही.

झोप उडणे, अचानक अतिउत्साह, पैशांबाबत लपवाछपवी, औषधे टाळणे, नातेवाइकांना वर्गासाठी गळ घालणे ही लक्षणे दिसली, तर मात्र थांबू नये. डॉक्टरांशी बोलावे.

पैसे भरून झाले असतील तर

हातपाय गाळू नयेत. पत्रक, पावती, संदेश, खात्यातील नोंदी असे सर्व काही जपून ठेवावे. बिल न देणे हीदेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वर्ग सोडत असल्याचे आणि पैसे परत हवे असल्याचे लेखी कळवावे. कार्डाने भरले असल्यास बँकेकडेही तत्काळ हरकत नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०.

त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्व येथे आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मार्गदर्शनासाठी पार्ल्यातील मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करीत आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ही आहे.

शिकण्याची हौस वयाबरोबर मावळू नये. भाषणे जरूर ऐकावीत, वहीत टिपून घ्यावीत, पटले तर टाळ्याही मनापासून वाजवाव्यात. जन्मभराच्या कमाईचा निर्णय मात्र आपल्या घरात, आपल्या माणसांमध्ये बसून, तीन रात्रींच्या झोपेनंतर घ्यावा.